रंग वाळतो आणि मग मुरतो: घरच्या घरी सर्फबोर्ड रंगवताना

मागच्या जुलैत माझ्या रूममेटने मला गॅरेजमध्ये हाक मारली. "तू रंगावरच पीएचडी करतेस ना? मग सांग, आता वरचा हात मारू का?" मी बोट लावून बघितलं. रंग कोरडा होता, बोटाला काही लागलं नाही. म्हटलं, मार.

ऑक्टोबरमध्ये त्याने मला पुन्हा गॅरेजमध्ये बोलावलं. या वेळी तो काही विचारत नव्हता. मागच्या पायाच्या जागेजवळ, बोर्डाच्या कडेला, तळहाताएवढा पोपडा सुटला होता. नखाने उचलला तर पापुद्र्यासारखा निघून हातात आला. वर चकचकीत रेझिन, खाली त्याचा पिवळा-निळा रंग. या बोर्डासाठी त्याने वर्षभर पैसे साठवले होते. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं, नेमका तोच माझ्या संशोधनाचा विषय आहे. त्यामुळे हा लेख थोडा माफीनामा आहे, थोडा समजावून सांगणं.

मी राहते ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या दक्षिणेला, वोलोंगाँगमध्ये. इथे गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरी बोर्ड असतो आणि हौशी मंडळी अर्धं काम घरीच करतात. कारागिराकडून आपल्या वजना-उंचीप्रमाणे बोर्ड घडवून घ्यायचा आणि रंग आणि शेवटचं घासकाम घरी करायचं. पैसे वाचतात आणि चित्र आपल्या मनासारखं होतं.

आधी बोर्ड कशाचा असतो ते बघू. आत फोमचा गाभा. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, रेझिनमध्ये भिजवून बसवलेलं. कोकणात ज्या फायबरच्या होड्या दिसतात त्यांचं आणि याचं नातं अगदी सख्खं आहे, फक्त इथे आत फोम असतो आणि सगळं फार हलकं असतं. कापडाची वीण दिसू नये म्हणून वर रेझिनचा आणखी एक हात देतात, त्याला हॉट कोट म्हणतात. तो घासून सपाट करायचा, त्यावर रंग, आणि रंगावर शेवटचा पारदर्शक हात. आमचा बोर्ड थर्मोकोलच्या जातीच्या फोमचा आणि इपॉक्सी रेझिनचा होता. कारागिराने कापड बसवून दिलं होतं, हॉट कोटपासून पुढचं सगळं आम्ही केलं. म्हणजे दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

आता तो पोपडा. रंगाच्या संशोधनात पहिला धडा असा की सुटलेला तुकडा फेकायचा नाही, उलटा करून बघायचा. कुठला थर कोणाला चिकटून राहिला आणि कोणाला सोडून आला, हे त्याच्या पाठीवर दिसतं. आमच्या तुकड्याच्या पाठीवर दोन वेगळ्या गोष्टी होत्या. निळ्या भागात सगळा रंग वरच्या रेझिनबरोबर निघून आला होता आणि खालचा हॉट कोट स्वच्छ होता. म्हणजे रंगाने खाली पकडच घेतली नव्हती. पिवळ्या भागात मात्र दोन्हीकडे पिवळं होतं. तिथे रंग मधूनच फाटला होता. म्हणजे एकाच पोपड्यात दोन गुन्हेगार.

पहिला सोपा आहे. इपॉक्सी रेझिनमध्ये दोन भाग असतात: रेझिन आणि हार्डनर. बहुतेक हार्डनर हे अमाइन जातीचे असतात. गारठ्यात, दमट हवेत हात दिला की पृष्ठभागावरचं थोडं अमाइन रेझिनशी जुळण्याऐवजी हवेतल्या कार्बन डायऑक्साइड आणि बाष्पाशी जुळतं. त्याची एक पातळ, किंचित मेणचट साय तयार होते. इंग्रजीत तिला ‘अमाइन ब्लश’ म्हणतात. कधी ती डोळ्यांना दिसतही नाही. ही साय पाण्यात विरघळते, म्हणजे ओल्या फडक्याने आणि स्वच्छ पाण्याने सहज निघते. पण आम्ही काय केलं? न धुता थेट पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. घासल्याने साय जात नाही, पेपरने पडलेल्या चरांमध्ये ती भरली जाते. रंगाला जिथे पकड मिळायची तिथेच आम्ही तेल लावून ठेवलं म्हणा ना.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. घासलेल्या, पुसलेल्या बोर्डावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाण्याची सलग पातळ चादर पसरली आणि काही क्षण तशीच राहिली, तर पृष्ठभाग रंगाला तयार आहे. पाणी आखडून थेंब-थेंब झालं, अळूच्या पानावर होतं तसं, तर तिथे मेण, तेल किंवा साय आहे. पाणी जिथे टिकत नाही तिथे पाण्यातला रंगही टिकणार नाही. आमच्या बोर्डाच्या उघड्या पडलेल्या जागेवर मी पाणी टाकलं. अळूचं पान. लहानपणी आमच्याकडे रंगकामाला येणारे पेंटरकाका आधी सगळी भिंत पुसून घ्यायचे आणि मला वाटायचं, रंगानेच झाकणार आहात तर पुसता कशाला. आता कळलं, काका.

दुसरा गुन्हेगार म्हणजे तो पिवळा. इथे माझं काम सुरू होतं, म्हणून जरा रेंगाळते.

आम्ही वापरले ते पाण्यात कालवलेले ॲक्रिलिक रंग होते. बाटलीत जे दुधासारखं दिसतं त्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. साधारण शे-दोनशे नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीत काही शे गोळे रांगेत बसतील. रंग लावला की पाणी उडतं आणि गोळे एकमेकांना येऊन टेकतात. मग ते दाबले जातात, मधल्या फटी बुजतात आणि गोलांचे कोनेदार ठोकळे होतात, मधाच्या पोळ्यासारखे. या क्षणी रंग हाताला कोरडा लागतो. आपण म्हणतो, वाळला.

पण अजून तो भिंतीत विटा नुसत्या रचल्यासारखा आहे, मधे सिमेंट नाही. खरी ताकद पुढच्या टप्प्यात येते. प्रत्येक गोळ्यात प्लास्टिकच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. त्या हळूहळू हद्द ओलांडून शेजारच्या गोळ्यात शिरतात, तिथल्या साखळ्यांत गुंततात, आणि मग दोन गोळ्यांमधली सीमाच पुसली जाते. गर्दीत अडकलेली साखळी आडवी सरकू शकत नाही, ती सापासारखी आपल्याच वाटेने पुढे-मागे सरपटते. ही कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जील द जेन यांनी १९७१ मध्ये मांडली. १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

हे सरपटणं मोजतात कसं? एक सुंदर युक्ती आहे. काही गोळ्यांच्या साखळ्यांना एक चमकणारा रंगद्रव्याचा रेणू जोडायचा आणि बाकीच्यांना दुसरा, असा की पहिल्याची ऊर्जा तो ओढून घेईल. पण हे दोघं दहा नॅनोमीटरपेक्षा जवळ आले तरच ही देवाणघेवाण होते. सुरुवातीला दोघं वेगवेगळ्या गोळ्यांत असतात, देवाणघेवाण जवळपास नसते. साखळ्या मिसळू लागल्या की ती वाढत जाते. टोरांटोच्या मिचेल विनिक यांच्या गटाने या पद्धतीने रंगाच्या थरांवर खूप काम केलं आहे. माझं रोजचं काम याच्याच आसपासचं: थर किती वेळात ‘मिसळला’ ते बघत बसणं.

मराठीत यासाठी शब्द आहेच. लोणचं बरणीत भरलं की झालं का? ते मुरावं लागतं. रंगाचंही तसंच, तो आधी वाळतो आणि मग मुरतो. वाळणं बोटाला कळतं, मुरणं कळत नाही. मी बोट लावून सांगितलं, हीच चूक.

आणि मुरणं तापमानावर फार अवलंबून असतं. साखळ्या हलायला उष्णता लागते. रंगात थोडे संथ उडणारे द्रावक घातलेले असतात, ते गोळ्यांना तात्पुरतं मऊ करतात, म्हणजे साखळ्यांना सरकणं सोपं जातं. पुढे काही दिवस-आठवड्यांत ते उडून जातात. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि आमच्या गॅरेजचं दार नीट बंद होत नाही. अशा थंडीत साखळ्या जवळजवळ झोपलेल्या असतात. त्यात पिवळा रंग मुळात कमी झाकतो, खालचं दिसत राहतं, म्हणून रूममेटने त्याचे चार जाड हात मारले होते. वरची कातडी वाळली, आतला रंग कच्चा. आणि दुसऱ्याच संध्याकाळी आम्ही वर इपॉक्सीचं झाकण घातलं. आतलं पाणी आणि द्रावक आतच अडकले. बोर्डावर पाय पडून तो लवायला लागला तेव्हा सगळ्यात कच्च्या जागी रंग फाटला.

डिसेंबरमध्ये, उन्हाळ्यात, आम्ही पुन्हा केलं. सगळा रंग घासून काढला (या भागाबद्दल मी काही बोलणार नाही, तीन शनिवार गेले). या वेळी क्रम असा ठेवला: आधी पाण्याने धुणं आणि फडक्याने पुसणं, मग १२० नंबरच्या पेपरने घासणं, मग २२०, पुन्हा पुसणं, मग पाणी शिंपडून बघणं. दोन ठिकाणी थेंब झाले, तिथे परत धुतलं. घासलेल्या बोर्डाला नंतर हात लावू नका, तळव्याचं तेलही पुरतं.

रंगाचे हात पातळ. पिवळ्याखाली आधी एक पांढरा हात दिला, मग पिवळ्याचे दोनच पुरले. रेघांसाठी लावलेली मास्किंग टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढायची, बोर्डाशी अगदी लहान कोन करून, मागे दुमडत. पूर्ण वाळू दिलंत तर टेप कडेचा रंग ओढून आणते.

आणि मग थांबलो. पंचवीस अंशांच्या आसपासच्या हवेत पूर्ण आठवडा. रूममेट रोज विचारायचा, मी रोज नाही म्हणायचे.

थांबायचं किती, हे बोटाने ठरवू नका, नमुन्याने ठरवा. प्लायवूडचा एक तुकडा घ्या, त्यावर बोर्डाबरोबरच तेच रेझिन, तेच घासकाम, तोच रंग करा आणि बोर्डाशेजारीच ठेवा. आठवड्याने त्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या सहा-सहा चिरा पाडा, चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पुढे जा. पट्टीवर रंग आला तर अजून थांबा किंवा कारण शोधा. प्रयोगशाळेत याला क्रॉस-कट चाचणी म्हणतात आणि आम्हीही जवळपास एवढंच करतो, फक्त ब्लेड महाग असतं.

शेवटचा पारदर्शक हात संध्याकाळी द्या. कारण मजेशीर आहे. या फोममध्ये आकारमानाच्या मानाने जवळजवळ सगळी हवाच असते, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के. तीस लिटरचा बोर्ड सकाळच्या १५ अंशांवरून दुपारी २५ वर गेला, तर आतली हवा साधारण साडेतीन टक्के फुगू बघते, म्हणजे लिटरभर. ती सुईएवढ्या छिद्रातून बाहेर येते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे करते. संध्याकाळी बोर्ड गार होत असतो, हवा आत ओढली जाते, बुडबुडे येत नाहीत.

हाच हिशोब रंग निवडताना करा. काळा किंवा गडद निळा बोर्ड भर उन्हात वाळूवर ठेवला आणि आतली हवाही ६० अंशांपर्यंत तापली, तर आतला जादा दाब दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरच्या चौकोनावर पंधरा किलो ठेवल्याइतका होतो. त्यात घरच्या तापमानाला पक्कं झालेलं इपॉक्सी साधारण पन्नास-साठ अंशांना मऊ पडायला लागतं. ते जसजसं घट्ट होतं तसतसे त्याचे रेणू जागच्या जागी अडकतात आणि अभिक्रिया अर्धवट थांबते, म्हणून गारठ्यात घट्ट झालेलं रेझिन लवकर मऊ पडतं. मऊ कवच आणि आतून दाब. कवच फोमपासून सुटून फुगा येतो. म्हणून पाय ठेवायची बाजू पांढरी किंवा फिकट ठेवा, गडद रंगाची हौस रेघांवर भागवा. बंद गाडीत बोर्ड कधीच नको, मग रंग कोणताही असो.

तुमचा बोर्ड जुन्या पद्धतीचा, पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिएस्टर रेझिनचा असेल तर गुन्हेगार वेगळा. पॉलिएस्टर घट्ट होताना हवेतला ऑक्सिजन आड येतो आणि पृष्ठभाग चिकट राहतो. म्हणून हॉट कोटच्या रेझिनमध्ये थोडं मेण घालतात, ते वर तरंगून येतं आणि हवा अडवतं. फार हुशार उपाय आहे, पण रंग लावायच्या आधी ते मेण घासून पूर्ण काढावं लागतं. चकाकी जाऊन सगळीकडे एकसारखा मंदपणा येईपर्यंत घासायचं, एक चमकणारा ठिपकाही शिल्लक नको. आणि हे रेझिन उघड्या थर्मोकोलवर कधी ओतू नका. त्यातलं स्टायरिन फोम विरघळवून टाकतं. स्प्रेच्या डब्यांतले बरेच द्रावकही तेच करतात.

आता जे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पोपडा पुन्हा रंगवता येतो, ॲलर्जी पुसता येत नाही. कच्चं इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर वारंवार कातडीला लागला तर शरीर त्याच्यावर चिडायला शिकतं, आणि एकदा शिकलं की विसरत नाही. आमच्या विभागातल्या एका मुलीला दुसऱ्या वर्षी हातावर पुरळ आलं. आता ज्या खोलीत इपॉक्सी उघडं आहे तिथे ती जात नाही, आणि तिचा प्रबंधाचा विषय बदलला. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला आणि फाटले की लगेच बदला. हाताला रेझिन लागलं तर ॲसिटोनने धुवू नका, ते उलट कातडीत शिरायला मदत करतं. साबण-पाणी बरं. नीट घट्ट न झालेलं इपॉक्सी घासू नका. घासताना भुकटीचा मास्क हवा, भारतात एन-९५ मिळतो तसा. शक्य तिथे पाणी मारून वॉटर पेपरने घासा, म्हणजे भुकटी उडतच नाही. पॉलिएस्टरसाठी वाफा अडवणारा, कोळशाच्या डब्यांचा मास्क आणि उघडं दार, दोन्ही.

गाड्यांना मारतात तो दोन भागांचा चकचकीत स्प्रे घरी मारू नका, कितीही सुंदर दिसला तरी. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारणी करणाऱ्या कामगारांना त्याने दमा होतो हे नीट माहीत असलेलं सत्य आहे. शिवाय त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडल्यावरच येतो, म्हणजे नाक वेळेवर सांगत नाही. सर्फबोर्डाच्या इतिहासातही हे नाव डोकावतं: कॅलिफोर्नियातली क्लार्क फोम ही फोमची सगळ्यात मोठी कंपनी ५ डिसेंबर २००५ ला अचानक बंद झाली, आणि तिचा फोम टीडीआय नावाच्या आयसोसायनेटपासूनच बनायचा. त्यानंतर थर्मोकोल-इपॉक्सीच्या बोर्डांना गिऱ्हाईक वाढलं. आमच्या गॅरेजमधला बोर्ड त्याच वळणाचा.

एक राहिलंच. रेझिन कालवलेलं भांडं भरलेलं ठेवू नका. अभिक्रियेतून उष्णता निघते, उष्णतेने अभिक्रिया वेगाने होते, आणि खोल कपात ती उष्णता बाहेर पडत नाही. कप धुमसायला लागतो. उरलेलं रेझिन पसरट ताटलीत ओता आणि घट्ट झाल्यावरच कचऱ्यात टाका. आणि इपॉक्सी लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरकाचे थेंब थोडे कमी-जास्त चालतात, इपॉक्सीत नाही. तिथे हार्डनर स्वतःच साखळीचा अर्धा भाग असतो. जास्त झालेला हार्डनर जोडीदाराविना तसाच पडून राहतो आणि बोर्ड कायमचा मऊ राहतो. डब्यावर लिहिलेलं प्रमाण, मोजून.

पारदर्शक हात पक्का झाल्यावर आम्ही ३२०, ४०० आणि ६०० ने पाणी मारत घासलं. कडेला हात हलका ठेवा. तिथे थर पातळ असतो आणि दोन फटक्यांत रंग उघडा पडतो. आमचा एका ठिकाणी पडलाच, डाव्या कडेला, नखाएवढा. रूममेटने त्यावर रेझिनचा थेंब लावला आणि मला विचारलं, आता मेण लावून पाण्यात नेऊ का?

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी.

गेला तो. बोर्ड मार्चपर्यंत रोज पाण्यात होता आणि पिवळा अजून जागेवर आहे.